येणाऱ्यासाठी जागा

नाताळाला दोन दिवस उरलेले असतात तेव्हा, म्हणजे २३ डिसेंबरला, कॅथलिक चर्चमधल्या मिस्सामध्ये मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातला एक छोटा उतारा वाचला जातो. देव आपला दूत पुढे धाडील आणि तो वाट तयार करील. सोनार धातू गाळतो तसे देव माणसांना गाळून शुद्ध करील. परमेश्वराचा मोठा दिवस उगवण्याआधी एलिया परत येईल आणि बापांची मने लेकरांकडे, लेकरांची मने बापांकडे वळवील, असा त्याचा आशय. त्या दिवसांत घरोघर करंज्या तळल्या जात असतात, गव्हाणीची मांडामांड चाललेली असते, कुणी गावाला निघालेले असते. त्या गडबडीत हा उतारा कानावरून सहज निघून जातो. तरी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा हा तयारीचा काळ, कशासाठी असतो हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी असे मला वाटते. त्यात पाळण्यातले बाळ नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत. कुणीतरी येणार आहे आणि त्याच्या येण्याआधी आपली नाती दुरुस्त व्हायला हवीत, एवढेच त्यात आहे.

एलिया परत येईल ही आशा पनवेलमध्ये केवळ पुस्तकातली नाही. जुन्या पनवेलात बेथ एल हे सिनेगॉग १८४९ पासून उभे आहे. पनवेलची नगरपालिका स्थापन झाली १८५२ मध्ये. म्हणजे गावाला नगरपालिका मिळण्याआधीच इथल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मंडळींनी आपले प्रार्थनामंदिर उभारले होते. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणातल्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, केहीमकर, अष्टमकर, नवगावकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली आणि मराठी ही घरची भाषा झाली. ग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देव एकच आहे असे सांगणारी शमा ही प्रार्थना तेवढी उरली होती. आणि उरला होता एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया.

या संदेष्ट्याशी बेने इस्रायलांचे नाते घरातल्या वडीलधाऱ्याशी असावे तसे आहे. लग्न ठरले, मूल झाले, कुणी मोठ्या आजारातून उठले, नवे घर घेतले, नवस फेडायचा असला की मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा घालून ताट भरायचे, त्याभोवती फळे मांडायची, आणि एलियाहू हन्नबीला उद्देशून हिब्रू गाणे म्हणायचे. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावाजवळ एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. संकटात सापडलेल्या पूर्वजांना तो तिथे भेटला आणि तिथूनच स्वर्गाकडे गेला, असे सांगतात. यहुदी पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, लोक तिथे जाऊन मलिदा करतात. यहुदी श्रद्धेप्रमाणे मसीहा येण्याआधी एलिया येणार आहे. त्यामुळे मलिद्यामध्ये मिळालेल्या कृपेबद्दल आभार असतातच, पण जो अजून यायचा आहे त्याचे स्मरणही असते.

ख्रिस्ती आगमनकाळाविषयी लिहिताना आधी सिनेगॉगकडे वळलो ते एवढ्यासाठी. आगमनकाळात चर्चमध्ये जे वाचले जाते, गायले जाते, त्यातला मोठा भाग यहुदी लोकांच्या वाट पाहण्यातून आलेला आहे. यशया, मीखा, सफन्या, मलाखी हे सगळे त्यांचे संदेष्टे. नव्या करारात येशूसाठी वाट तयार करणारा योहान येतो तोसुद्धा एलियाच्या सामर्थ्याने येतो, असे लूक सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात खुद्द येशू शिष्यांना सांगतो की एलिया येऊन गेला, लोकांनी त्याला ओळखले नाही. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी हाच उतारा वाचतात. हे मूळ विसरले की आगमनकाळ म्हणजे नाताळाच्या खरेदीची मुदत एवढेच उरते. तसे झालेले आपण आजूबाजूला पाहतोच.

आता थोडे पंचांग. आगमनकाळ सुरू होतो ३० नोव्हेंबरच्या, संत आंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळच्या रविवारी. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान. त्या रविवारी चर्चचे नवे उपासनावर्ष सुरू होते. चार रविवार पार पडतात आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी हा काळ संपतो. धर्मगुरूंचे झगे जांभळे होतात, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी. रविवारच्या मिस्सातले देवाच्या गौरवाचे स्तोत्र या दिवसांत गायले जात नाही. ते पुन्हा ऐकू येते नाताळच्या मध्यरात्री. ही पद्धत एका दिवसात ठरली नाही. ३८० मध्ये स्पेनमधल्या सारागोसा इथल्या धर्मसभेने सांगितले की १७ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत कुणी चर्चला गैरहजर राहू नये. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर इथला बिशप पर्पेतुअस याने संत मार्टिनच्या सणापासून, ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्याला तीन उपवास लावले. रोममध्ये पुढे चार रविवारांची रीत बसली. पनवेल, खारघर, कामोठे भागात स्थायिक झालेल्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांची परंपरा सिरियन आहे. त्यांच्याकडे १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासळी वर्ज्य करण्याची चाल आहे. त्याच सुमारास शेजारच्या हिंदू घरांत मार्गशीर्षाचे गुरुवार सुरू असतात, त्यामुळे एकाच इमारतीत दोन स्वयंपाकघरे मासळीपासून दूर असू शकतात.

एक गोष्ट बऱ्याच ख्रिस्ती वाचकांनाही नवी वाटेल. आगमनकाळाच्या पहिल्या दोन आठवड्यांत बेथलेहेमचा उल्लेख फारसा येत नाही. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान शेवटच्या काळाविषयी बोलते: जागे राहा, घरधनी कधी येईल सांगता येत नाही. गव्हाणीकडे नजर वळते ती १७ डिसेंबरनंतर. चर्चने हा क्रम जाणूनबुजून ठेवला आहे. जे घडून गेले त्याची आपण आठवण करतो. वाट पाहता येते ती जे घडायचे आहे त्याचीच. मग दोन हजार वर्षांपूर्वी झालेल्या जन्माची वाट दर वर्षी कशी पाहायची? बाराव्या शतकातला फ्रेंच संन्यासी, क्लेअरवोचा संत बर्नार्ड, याने या प्रश्नाला जे उत्तर दिले त्याहून चांगले मला अजून सापडलेले नाही. तो म्हणतो की ख्रिस्ताचे येणे तीन प्रकारचे आहे. पहिले देहात, दुर्बळतेत झाले. शेवटचे वैभवात व्हायचे आहे. ही दोन्ही सर्वांना दिसणारी. या दोहोंच्या मधले तिसरे येणे गुप्त आहे, ते माणसाच्या अंतःकरणात होते, आणि पहिल्यापासून शेवटच्याकडे जाणारा रस्ता त्यातूनच जातो. आगमनकाळाला नूतनीकरणाचा काळ म्हणतात ते या मधल्या येण्यामुळे. बेथलेहेम होऊन गेले, शेवटचा दिवस आपल्या हातात नाही. आपल्या वाट्याला आज येते ते हे मधले.

पनवेल-पेण भागात भात कापून झाले की त्याच खाचरांत वाल पेरतात. पाऊस गेलेला असतो, तरी पीक येते, कारण जमिनीने सरलेल्या पावसाची ओल धरून ठेवलेली असते. बर्नार्डचे मधले येणे मला तसे वाटते: जे येऊन गेले त्याच्या ओलीवर उगवणारे.

पण ओल टिकवायची कशी, म्हणजे नूतनीकरणासाठी प्रत्यक्षात करायचे काय, याचे उत्तर शोधताना पुन्हा बेने इस्रायलांच्या घरात डोकावावेसे वाटते. नवीकरणाचा त्यांचा काळ पावसाळ्याच्या शेवटी येतो. एलूल महिन्यात पहाटेच्या आधी उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणायच्या. त्या महिन्याच्या उपवासांना कोकणात जुन्या पिढीने शेजाऱ्यांच्या बोलीतून रमजान हे नाव घेतले होते. मग तिश्रीच्या पहिल्या तारखेला नव्याचा सण, म्हणजे रोश हशना, आणि दहाव्या दिवशी योम किपूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्याला कोकणातल्या बेने इस्रायलांचे नाव आहे दारफळणीचा सण. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला, पुढे १९३७ मध्ये तेल अवीवहून प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास अशा जुन्या रीतींची नोंद ठेवतो. आदल्या संध्याकाळी स्नान करायचे, पांढरे कपडे घालायचे, दारे लावून घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अन्नपाणी नाही, बाहेरच्यांशी संबंध नाही, धंदा नाही. त्या रात्री पितरांचे आत्मे घरी येतात अशीही समजूत होती. पुढचा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारे उघडायची, गरिबांना दान द्यायचे, एकमेकांच्या घरी जायचे.

सिनेगॉग नसण्याच्या काळात घरच प्रार्थनेची जागा होते, तेव्हाची ही चाल. आता योम किपूरचा दिवस सिनेगॉगमध्ये जातो आणि संध्याकाळी शोफार, म्हणजे एडक्याचे शिंग, फुंकल्यावर संपतो. तरी बंद दाराची ती कल्पना मला विलक्षण खोल वाटते. हिशेब, भांडण, व्यवहार, ओळख, प्रतिष्ठा, हे सगळे उंबऱ्याबाहेर ठेवून घरातली माणसे एक दिवस देवासमोर नुसती बसतात. आणि दार उघडले की पहिले काम दुसऱ्याला काही देण्याचे. आधी रिकामे व्हायचे, मग द्यायचे. ख्रिस्ती आगमनकाळातला उपवास, जांभळा रंग, गाळलेले स्तोत्र, कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जाणे, हे सगळे याच रीतीचे आहे. सणाच्या तयारीत घर भरत जाते. या काळात मात्र आत आधी जागा करायला सांगितलेले असते. हे दोन्ही एकाच महिन्यात जमवणे अवघड आहे, आणि बहुतेकदा हार जागा करण्याचीच होते.

दाराची दुसरी बाजू विसाव्या शतकाने दाखवली. डीट्रिश बोनहोफर हा हिटलरविरोधी जर्मन ल्यूथरन पाळक बर्लिनच्या टेगल तुरुंगात होता. १९४३ च्या नोव्हेंबरात, आगमनकाळाच्या तोंडावर, त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात तुरुंगाच्या कोठडीची आणि आगमनकाळाची सांगड घातली. कोठडीत माणूस वाट पाहतो, आशा धरतो, बारीकसारीक कामे करत राहतो. पण दार बंद असते आणि ते बाहेरूनच उघडते, असा त्याचा मुद्दा होता. वर्षभराने त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प हा जेझुइट धर्मगुरू बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळाचे चिंतन लिहीत होता. ते कागद चोरून बाहेर नेले गेले. डेल्पला २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी दिले, बोनहोफरला ९ एप्रिल १९४५ रोजी. ज्या राजवटीने त्यांना मारले तिनेच युरोपातल्या साठ लाख यहुदी लोकांना मारले. कोकणातले यहुदी या काळात सुखाने आपले सण करत होते. इथे त्यांचा धर्मासाठी छळ कधी झाला नाही, ही आपल्या भूमीला सन्मान देणारी गोष्ट आहे.

कोकणातल्या घराचे दार घरच्यांनी आतून लावले होते, बर्लिनचे बाहेरून लावलेले होते. आगमनकाळाचा अर्थ मला या दोहोंच्या मध्ये दिसतो. माणसाने करायचे ते एवढेच की गलबला बाहेर ठेवून जागा रिकामी करावी. पुढचे त्याच्या हातात नाही. नूतनीकरण येते ते येणाऱ्याकडून. नव्या वर्षाच्या संकल्पांत आणि आगमनकाळात हा मूलभूत फरक आहे. संकल्प आपला आपण असतो; तो मोडला तर खजील होऊन पुढच्या वर्षाची वाट धरायची. आगमनकाळात मात्र आपण अपुरे आहोत हे आधीच धरून चाललेले असते, म्हणून त्यात निराशेला फार जागा नाही. स्वतःला सुधारण्याच्या आटापिट्याने थकलेल्या माणसाला हा काळ विसावा देतो, आणि तरीही स्वस्थ बसू देत नाही.

स्वस्थ बसू न देण्याचे काम योहानाकडे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी तो समोर येतो. लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? त्याची उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने कुणाकडून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात समाधान मानावे. तो कुणालाही रानात या, धंदा सोडा असे म्हणत नाही. आहात तिथेच सरळ वागा म्हणतो. योहानाच्या तोंडी यशयाची जुनी हाक घातलेली आहे: रानात परमेश्वराची वाट तयार करा, दरी भरून निघो, डोंगर सखल होवो.

पनवेलकरांना या ओळींचा अर्थ फार वेगळ्या प्रकारे कळतो. त्यांच्या डोळ्यांसमोर खरोखरच डोंगर सपाट झाला आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खोलगट जमीन भराव टाकून उंच केली, दहा गावे उठवून दुसरीकडे वसवली. प्रवासी विमाने उडू लागली तीही नाताळाच्या दिवशी, २५ डिसेंबर २०२५ रोजी. त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी १९८४ मध्ये, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते आणि जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचा बळी घेतला होता. पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण आले, त्यामागे हा लढा होता. जमीन, मोबदला, दलाली, सातबारा हे शब्द या तालुक्यात घरोघरी बोलले जातात. अशा ठिकाणी योहानाला कुणी विचारले, आम्ही काय करावे, तर त्याने जकातदाराला दिलेले उत्तर जवळपास जसेच्या तसे चालेल. यशयाला हवा असलेला सपाट रस्ता परमेश्वरासाठी आहे, आणि बायबलमध्ये परमेश्वर ज्यांच्या बाजूने चालत येतो ते विधवा, अनाथ, परके आणि भूमिहीन. ज्याला ज्याची जमीन, ज्याची मजुरी, ज्याचा शब्द परत करायचा आहे त्याने ते डिसेंबरच्या चार आठवड्यांत परत केले, तर तो आगमनकाळ खऱ्या अर्थाने पाळला गेला.

येणाऱ्या तारकाची लांबच लांब वाट पाहण्याची ही जाणीव मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत भरघोस आली ती फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचे जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण छापून निघाले. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वरू येशूचे चरित्र सांगतात. पण त्याआधीचे पहिले पुराण, पुरते ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, जगाच्या निर्मितीपासून तारकाच्या जन्माच्या उंबरठ्यापर्यंतची गोष्ट सांगण्यात जाते. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, पिढ्यामागून पिढ्या येतात आणि अजून तो आलेला नसतो. स्टीफन्सला घाई नव्हती. श्रोत्यांना आधी ते अंतर चालायला लावायचे होते. चर्चमध्ये मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या या पुराणाने गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती श्रोत्यांना शिकवले असेल तर हेच, की येशूची गोष्ट येशूपासून सुरू होत नाही. माझ्या मते मराठीतले आगमनकाळाचे पहिले मोठे पुस्तक हेच. ते तसे म्हणून वाचले जात नाही याचे वाईट वाटते.

वाट पाहणाऱ्या देवाची ओळख मात्र मराठी मनाला आधीपासूनच आहे. पंढरपुरात पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता म्हणून देव विटेवर थांबला आणि अजून थांबलेला आहे. तिथे भक्ताचे काम उरकेपर्यंत देव थांबतो, आगमनकाळात देव येईपर्यंत भक्त थांबतो. पण ख्रिस्ती चिंतनातही उलटी बाजू आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो, आतल्याने उघडावे म्हणून थांबतो. देहू-आळंदीच्या वाटेवर वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अभंग, भजन, कीर्तनाची वाट न सोडता ख्रिस्ताबद्दल लिहीत राहिले, ते याच ओळखीच्या बळावर. देव येणारा आहे आणि थांबणाराही आहे, हे त्यांना वारकरी परंपरेतून आधीच कळले होते.

यशया आणि योहान यांच्यानंतर आगमनकाळातली तिसरी मोठी व्यक्ती येशूची आई मरिया. तिच्याबद्दल चर्चमध्ये खूप बोलले जाते, म्हणून मी थोडक्यातच लिहितो. यशया दुरून पाहतो, योहान ओरडून सांगतो, मरिया पोटात वागवते. स्वतः गरोदर असताना ती डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्या अलिशिबेकडे जाते, तिच्याकडे तीन महिने राहते. वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण लागत नाही.

आगमनकाळाची जी चिन्हे आज घराघरांत दिसतात त्यांतली बरीचशी अलीकडची आहेत. चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे हॅम्बुर्गमधून आले. योहान हिनरिख विखर्न हा प्रोटेस्टंट पाळक तिथे गरीब, बेवारस मुलांसाठी राउहेस हाउस नावाचे वसतिगृह चालवत असे. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्याने लाकडी चाकाभोवती मेणबत्त्या बसवल्या: रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. म्हणजे हे कडे आधी श्रीमंत दिवाणखान्याचे नव्हते, ज्या मुलांची वाट पाहणारे घरी कुणी नव्हते अशा मुलांचे होते. गोव्यात आणि कोकणात काही घरी गव्हाणीसाठी नाचणी किंवा गहू पेरून हिरवे कोंब उगवतात. पेरणी आगमनकाळातच करावी लागते, नाही तर नाताळाला हिरवळ मिळत नाही. मॉलमधला नाताळवृक्ष नोव्हेंबरच्या मध्याला पुरता सजून उभा असतो आणि २६ डिसेंबरला उतरवला जातो. नाचणीला हे जमत नाही, आणि म्हणूनच मुलांच्या हातून ती पेरून घ्यावी.

बेने इस्रायलांचे वाट पाहणे आता आणखी एका अंगाने कठीण झाले आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही ती मराठी बोलतात, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर कोकणातल्या अनेक गावांत एखादेच घर उरले होते. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले की दहाव्याची वाट पाहायची. अडलेल्या वेळी दहावा होऊन एलिया स्वतःच येतो, अशा कथा यहुदी लोकांत जगभर आहेत. जुलै २००५ च्या महापुरात पनवेलच्या बेथ एलमध्ये पाणी शिरले आणि तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या भिजून खराब झाल्या. हाताने चर्मपत्रावर लिहिलेला हा ग्रंथ निकामी झाला तर टाकून देत नाहीत. माणसाला पुरावे तसा तो विधिपूर्वक दफनभूमीत पुरतात. मग नवी गुंडाळी आणायची आणि वाचन जिथे थांबले तिथून पुढे सुरू करायचे.

येणारा येऊन गेला की अजून यायचा आहे, या प्रश्नावर सिनेगॉग आणि चर्च यांच्यातला मतभेद खरा आहे, तो गोड बोलून बुजवता येत नाही. त्या मतभेदापायी ख्रिस्ती लोकांनी युरोपात यहुदींवर शतकानुशतके अन्याय केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्या वृत्तीकडे अधिकृतपणे पाठ फिरवली. पुढे २००१ मध्ये व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने एका दीर्घ दस्तऐवजात म्हटले की यहुदी लोकांची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही, आणि आपली श्रद्धाही शेवटच्या येण्याकडे डोळे लावून आहे याची जाग ख्रिस्ती लोकांना तिच्यामुळे राहू शकते. प्रस्तावना लिहिली होती पुढे पोप झालेल्या कार्डिनल रात्झिंगर यांनी. चर्चमध्ये तर प्रत्येक मिस्सात, फक्त डिसेंबरात नव्हे, भाकर आणि द्राक्षारस यांचे पवित्रीकरण झाल्यावर लोक ख्रिस्त पुन्हा येणार असल्याचे मोठ्याने जाहीर करतात. नाताळाचा फराळ संपतो, गव्हाणी माळ्यावर जाते, जांभळे झगे कपाटात जातात, आणि हे वाक्य पुढच्या रविवारी पुन्हा म्हटले जाते. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी खंडाळ्याच्या त्या खडकापाशी पोह्यांची ताटे भरली जातात. पनवेलच्या ख्रिस्ती वाचकाने एखाद्या वर्षी, तिथल्या मंडळींना विचारून, त्या मलिद्याला जावे.